चौथ्या कप्प्यातलं दही

उन्हाळ्यात आमच्याकडे गार पाणी हवं असेल तर गीझर बंद ठेवायचा आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा. गाराच्या नळाला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी येतं, ते हाताला चटका देतं. गीझरमधलं मात्र घराच्या आत एसीत बसून निवलेलं असतं. पहिल्या वर्षी लेकीने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करतेय. आता सात वर्षं झाली मला इथे आखातात, अल कुसैसमध्ये येऊन, आता मीच नव्या येणाऱ्यांना सांगते. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं कळेल. बाहेर जग भाजून निघतंय आणि आम्ही घरात सापांना ऊब कशी द्यायची याच्या विवंचनेत, ही गोष्ट तशी विचित्रच आहे.

साप माझ्या नातीचे. तिला कुत्रा हवा होता. जावयांना केसांची ॲलर्जी, शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत. तर ही कॉलेजात गेल्यावर एके दिवशी जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "बाबा, केस नाहीत, भुंकणं नाही, रोज फिरवायला न्यायला नको. डील?" जावई वरणभात कालवत होते. त्यांना वाटलं मासे. ते म्हणाले, "डील." त्यावरून पुढे महिनाभर घरात काय काय झालं ते मी लिहीत नाही. शेवटी डील म्हणजे डील. दुकानातून रीतसर कागदपत्रांसकट एक आला, मग दुसरा, मग तिसरा. कॉर्न स्नेक म्हणतात त्यांना. विष नाही, फणा नाही, करंगळीएवढे असताना आले आणि आता दोन-तीन वर्षांत चांगले काठीएवढे लांब झाले. नावं इंग्रजी आहेत, माझ्या जिभेला वळत नाहीत. मी रंगावरून म्हणते: नारंगी, राखाडी आणि पांढरी. नारंगी सगळ्यात थोरली, आणि खरं सांगायचं तर नातीचा जीव तिच्यातच जास्त.

मी आधी त्या खोलीच्या दारातूनच बोलायची. मग एकदा नात परीक्षेला गेली असताना पाण्याच्या वाट्या भरायचं काम माझ्याकडे आलं, आणि हळूहळू सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. लेक म्हणते, "आई, तू गावाकडे पाल बघितली तरी ओट्यावर चढायचीस." चढायची, खरंय. पण पाल अंगावर पडते. ह्या बिचाऱ्या डब्यात असतात.

तर गेल्या उन्हाळ्यात नारंगी आजारी पडली. आमच्या बिल्डिंगचा एसी सगळ्यांना मिळून एकच, त्याचं बटण आपल्या हातात नाही म्हटलं तरी चालेल. नातीच्या खोलीत तर इतकं गार होतं की मी शाल घेऊन जाते. तिघींचे प्लॅस्टिकचे टब फरशीवर ठेवलेले, खाली एक छोटी गरम होणारी चटई, ती पुरेना. एक दिवस नारंगी तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज. लहान बाळाची छाती भरते ना, अगदी तसा. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, इंजेक्शन दिलं, आणि म्हणाल्या की औषध लागू पडायला अंगात ऊब हवी. साप स्वतःची ऊब करू शकत नाही. बाहेरून मिळाली नाही तर इंजेक्शन फुकट. वाचेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, असंही बाई म्हणाल्या.

नातीने गाडीतच कागद-पेन काढलं. घरी आल्यावर म्हणाली, "आजी, आय विल बिल्ड अ रॅक."

मग लाकूडकामवाल्याकडे आम्ही दोघी गेलो, इंडस्ट्रियल भागात. तो केरळचा, आमच्याशी हिंदीत. नातीने कागदावर काढलेलं चित्र त्याला दाखवलं. एकावर एक चार कप्पे, प्रत्येकात एक टब सरकवायचा, मागच्या बाजूला वायर बसेल अशी खाच. तो चित्र उलटंसुलटं करून म्हणाला, "अम्मा, ये जूते का है ना?"

मी म्हटलं, "नहीं भैया, साँप का."

तो हसला. मग आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि हसायचा थांबला. "अच्छा, अच्छा," म्हणाला, "दरवाज़ा मज़बूत लगाऊँ क्या?"

"दरवाज़ा नहीं चाहिए," नात म्हणाली, "फिटिंग टाइट रखना." त्याने फळ्या इतक्या घट्ट बसवून दिल्या की टब ओढताना आजही जोर लावावा लागतो.

वायरीसाठी भोकं पाडायची राहिली होती, आणि रॅक घरी आला तो नेमका नागपंचमीच्या दिवशी; इथे श्रावणातही उन्हाळाच असतो. आता आमच्याकडे त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमिनीत काही खुपसायचं नाही. सकाळपासून मी भाजी हाताने मोडून शिजवत होते. आणि ही ड्रिल घेऊन उभी!

मी म्हटलं, "आज नाही हं. उद्या."

"आजी, इट्स फॉर द स्नेक्स!"

"म्हणूनच आज नाही."

"शी कान्ट ब्रीद, आजी."

आतून शिट्टी ऐकू येत होती. मी तिच्या हातातून ड्रिल घेतलं आणि म्हटलं, "कुठे पाडायचं दाखव. पाप लागलं तर मला लागेल, माझं वय झालंय." पहिलं भोक मी पाडलं. वाकडं गेलं. बाकीची तिने पाडली.

ती वायर म्हणजे हीट केबल. दोरीसारखी मऊ असते, चारही कप्प्यांच्या मागून नागमोडी फिरवली आणि चंदेरी टेपने चिकटवली. वर एक छोटं मीटर, थर्मोस्टॅट. त्याच्या तोंडाशी बारीक वायर, तिच्या टोकाला सेन्सर, गव्हाच्या दाण्याएवढा. हा दाणा जिथे असेल तिथली ऊब मीटरवर दिसते. तीस लावलं की तिसाला केबल बंद, खाली उतरलं की परत चालू. साप तीन, कप्पे चार. टबाच्या आत दाणा ठेवला तर साप वेटोळं घालताना ओढून काढतो, म्हणून नातीने तो सगळ्यात खालच्या रिकाम्या कप्प्यात ठेवला. "सेम केबल, सेम हीट," ती म्हणाली. मला पटलं. मला काय, ती इंजिनिअरिंगला, मी सातवी. त्यापुढचं जे काही येतं ते वाण्याच्या पुडीचे कागद वाचून शिकलेलं.

आठवड्याभरात शिट्टी कमी झाली. नात रात्री झोपायला लागली. आणि माझ्या हातून चूक झाली ती या सुखाच्या दिवसांतच.

दह्याचं सांगते. ज्यांच्या घरी अष्टौप्रहर एसी असतो त्यांना ठाऊक आहे, दही लागत नाही. विरजण लावावं तर दुसऱ्या दिवशी दूधच, नुसतं रागावल्यासारखं. शाल गुंडाळून पाहिली, ओव्हनमध्ये दिवा लावून पाहिलं. बाल्कनीत ठेवलं तर दोन तासांत फुटून त्याचं पाणी. सात वर्षं मी विकतचं दही खात होते आणि मनातल्या मनात कुढत होते. तर एक दिवस टब पुसताना चौथ्या रिकाम्या कप्प्यात हात गेला. अगं बाई! काय ती ऊब! दुधात करंगळी बुडवून जी ऊब बघतो, तीच. आमच्या आईच्या चुलीमागच्या कोनाड्यातली.

मी कुणाला बोलले नाही. वाडगाभर कोमट दूध, चमचाभर विरजण, वर ताटली, आणि दिलं सरकवून. संध्याकाळी दही असं लागलं होतं की सुरीने कापावं. जावयांनी जेवताना दोनदा घेतलं. "आई, हे कुठल्या ब्रँडचं?" मी म्हटलं, "घरचं आहे." "घरचं? इथे? कसं जमवलंत?" मी म्हटलं, "हाताचा गुण." दहा दिवस हाताचा गुण चालू होता. नात सकाळी इंटर्नशिपला जायची, मी वाडगा सरकवायची, ती यायच्या आत काढायची. तिला सांगायला हवं होतं. पण ती एकदा पाण्याच्या वाटीवरून मला ओरडली होती, की किचनची वाटी इथे नाही आणि इथली किचनमध्ये नाही, बॅक्टेरिया असतात. म्हणून नाही सांगितलं.

मग तिला तीन दिवस रास अल खैमाला जायचं होतं, टाइल्सच्या कारखान्यात, भट्टी बघायला. जाताना मला काम एकच: दिवसातून तीनदा मीटरचा फोटो काढून पाठवायचा. "बाकी काही टच करू नको आजी. प्लीज." मी म्हटलं, "जा गं बाई, मी आहे."

आणि लेकीने शनिवारी माणसं जेवायला बोलावली. जावयांच्या ऑफिसातली सहा-सात जणं. "आई, श्रीखंड करशील? घरच्या दह्याचं?" आता श्रीखंड म्हणजे चक्का, आणि चक्का म्हणजे भरपूर दही. गुरुवारी सकाळी मी मोठं पातेलं काढलं. दूध तापवलं आणि फोनवर माझ्या बहिणीशी बोलत बसले, तोवर ते एसीत पार निवून गेलं. परत कोमट करायचा कंटाळा केला. म्हटलं, कप्प्यात होईल गरम. पातेलं मोठं, कप्पा लहान, घासत-घासत मागच्या फळीपर्यंत रेटलं. तो गव्हाचा दाणा मागेच होता. तो त्या गार पातेल्याला चिकटून बसला असणार. माझ्या ध्यानीमनी नाही.

बारा वाजता फोटो पाठवला. मीटरवर पंचवीस. लगेच नातीचा मेसेज: इतकं कमी का? टब उघडा आहे का?

मी टबांकडे बघितलं. सगळे बंद. खाली पातेलं दिसत होतं. मी लिहिलं, नाही. एसी जोरात आहे आज.

हे मी माझ्या हाताने लिहिलं. अजून त्या फोनमध्ये आहे.

तिने लिहिलं, मग बत्तीस कर, वरचं बटण दोनदा दाब. मी चष्मा लावून दोनदा दाबलं. तिने अंगठा पाठवला. मी जेवले, जरा पडले.

चारच्या सुमारास उठून गेले. मीटर एकोणतीस. म्हटलं, बरं झालं, चढलं. फोटो काढायला वाकले तर नारंगीचा टब दिसला. ती पाण्याच्या वाटीत होती. वेटोळं घालून नाही, कशीतरी कोंबून, डोकं वाटीच्या काठावर टाकलेलं. मला आधी वाटलं, आंघोळ करतेय. मग वरच्या दोघींकडे बघितलं. राखाडी आणि पांढरी, दोघी आपापल्या टबाच्या पुढच्या भिंतीला नाक लावून, मागच्या बाजूपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. तिघींचं एकदम काय बिनसलं? मी हाताची मागची बाजू, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतो तशी, नारंगीच्या टबाला लावली, आणि हात मागे घेतला. प्लॅस्टिक चटकत होतं.

मीटर म्हणतंय एकोणतीस. माझा हात म्हणतोय, भाजतंय. सत्तर वर्षं मी या हाताने भाकरीचा तवा, तेल, पाक, बाळांची कपाळं बघितलीत. मी मीटरचं ऐकलं नाही. प्लग ओढून काढला आणि नातीला फोन लावला.

"नारंगी पाण्यात बसलीये, टब तापलाय."

"व्हॉट इज द मीटर सेइंग?"

"एकोणतीस."

"देन इट्स फाइन, आजी."

"नाही गं. मीटरला ठाऊकच नाही. मीटर दह्याशी बोलतंय."

"कुठलं दही?"

काय सांगू तुम्हाला. मी त्या खोलीत, हातात फोन, समोर पातेलं. सांगितलं सगळं. दहा दिवसांचंही. एसी जोरात नव्हता, हेही. पलीकडे मागे कारखान्याची घरघर ऐकू येत होती. मग नात एकदम कोरड्या आवाजात, आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, तिन्ही टब काढ. जमिनीवर ठेव. गार पाणी ओतू नकोस, बर्फ नको, काही नको. नुसते जमिनीवर."

मी गुडघ्यांची पर्वा न करता तिन्ही टब ओढले. घट्ट बसवलेले, सांगितलं ना. फरशीवर ठेवले. ज्या गार फरशीने नारंगीची छाती भरली होती, तिचाच आता आधार घ्यावा लागला. मी खाली बसून राहिले. राखाडी आणि पांढरी थोड्या वेळाने हलल्या, जिभा काढायला लागल्या. नारंगी वाटीतच होती. जीभ नाही, काही नाही. तिचं तोंड किंचित उघडं होतं.

जावई ऑफिसातून आले तेव्हा मी तशीच फरशीवर. त्यांना सांगितलं. या माणसाने तीन वर्षं त्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं, एवढं सांगते. ते दारात उभे राहिले, नारंगीकडे बघितलं, मग मला म्हणाले, "आई, तुम्ही उठा आधी." हाताला धरून उठवलं. मग गाडीची किल्ली घेतली. "तिला आणतो. ती तिथे बसून वेडी होईल."

दारापर्यंत जाऊन परत वळले. "आई, म्हणजे ते दही..."

"हो."

"दहा दिवस?"

"हो. पण कप्पा रिकामा होता हो, तुमची शपथ. टबसुद्धा नव्हता त्यात."

त्यांनी बूट चढवले. "लागलं छान होतं," म्हणाले आणि गेले.

नात आठच्या आत घरी होती. माझ्याकडे न बघता खोलीत गेली, दार लोटलं. त्या वेळेपर्यंत नारंगीने वाटी सोडली होती, कोपऱ्यात पडून होती. डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलली. बाई म्हणाल्या, आत्ता काही दिसणार नाही, आत काय बिघडलं ते खाण्यावरून कळेल. दोन आठवडे वाट बघा. खाल्लं तर सुटली. नाही खाल्लं तर पुन्हा बघू.

श्रीखंड झालं नाही. ते पातेलं मी ओतून दिलं. शनिवारी माणसांना विकतची बासुंदी वाढली.

शुक्रवारभर नात माझ्याशी बोलली नाही. मी चहा नेऊन ठेवायची, ती "थँक्स" म्हणायची, परकी असल्यासारखं. शनिवारी माणसं गेल्यावर तिने रॅक उलटा पाडला आणि टेप सोलायला लागली. मी दारात उभी. तिने न बघताच म्हटलं, "आजी, टॉर्च धर."

मी टॉर्च धरला. टेप सोलता सोलता ती म्हणाली, "तिकडे भट्टीला जागोजागी सेन्सर आहेत. आणि मी चार कप्प्यांना एक लावला. तोही रिकाम्यात. हाउ स्टुपिड."

मी म्हटलं, "त्याच्यावर पातेलं तू नाही ठेवलंस."

"नाही. ते तूच." आणि मग वर बघितलं. "आणि एसी जोरात आहे, ते पण तूच."

"हो."

"तसं परत नको लिहू. काहीही झालं तरी. तू सांगितलं असतंस ना, मी बत्तीस नसतं करायला सांगितलं."

मी मान हलवली. टॉर्च परत त्या टेपवर धरला.

आता प्रत्येक कप्प्याला आपला दाणा आहे, टबाच्या खाली, फळीत कोरून बसवलेला. चौथा कप्पा तिने काढूनच टाकला. नारंगी परत रॅकच्या उबेत गेली. आणि नात कामावर जाताना आता मीटरचा फोटो मागत नाही. "हात लावून सांग," म्हणते. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ तिन्ही टबांना हाताची मागची बाजू लावते आणि लिहिते: राखाडी बरोबर. पांढरी बरोबर. नारंगी जरा कमी वाटते. ती म्हणते, मीटर बघ. मी बघते, खरंच अर्धा आकडा कमी असतो. पण नारंगी खात नव्हती.

खाणं म्हणजे उंदीर. गोठवलेले येतात, नातीच्या खोलीत त्याचा वेगळा छोटा फ्रिज आहे. मी जन्मात अंडं फोडलेलं नाही. ते उंदीर वितळवायच्या वेळी मी बाल्कनीत जाऊन बसते, मग बाहेर कितीही ऊन असो. पहिल्या आठवड्यात तिने समोर धरला, नारंगीने तोंड फिरवलं. चार दिवसांनी परत, परत नाही. नातीचं जेवण कमी झालं. जावई रोज आल्यावर बूट काढायच्या आधी विचारायचे, "खाल्लं का?" आणि ते कुणाबद्दल विचारताहेत ते सगळ्यांना कळायचं.

दोन आठवडे उलटल्यावर, शनिवारी दुपारी, तिने परत काढला. मी बाल्कनीकडे निघाले. ती म्हणाली, "आजी, थांब ना. नको बघूस, नुसती थांब."

मी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पदर नाकाला. मनात जे देव आठवले त्यांना सांगितलं की मी असलं मागणं कधी मागितलं नव्हतं, आणि परत मागणार नाही. मागे काही आवाज नव्हता. एसीची घरघर, बस्स. मग टबात एकदम सळ्ळ झालं.

"काय झालं?"

"शू!"

मी गप्प. आयुष्यात एवढी कधी राहिले नव्हते. भिंतीवर नातीचं लहानपणीचं वेळापत्रक अजून चिकटवलेलं आहे, ते मी तीनदा वाचून काढलं. रविवार ते गुरुवार, इथल्या शाळांचा तेव्हाचा आठवडा.

"घेतला का गं?"

"घेतला."

"गिळला का?"

"हळूहळू. डोकं गेलं आत."

"मग सांगत रहा ना, मला काय दिसतंय!"

आणि ती सांगत राहिली. पोट गेलं. पाय गेले. शेपटी राहिली. शेपटी जरा लोंबतेय. मी भिंतीकडे बघत एकेक ऐकत होते, लहान मुलाच्या ताटातले घास मोजावेत तशी.

"गेली शेपटी," नात म्हणाली.

मी वळले. नारंगी तोंड मिटून शांत पडली होती, मानेखाली एक गाठ, हळूच मागे सरकत चाललेली. जीभ काढली, आत घेतली. मी टबाला हाताची मागची बाजू लावली. बरोबर होतं.